नागपूरच्या थंडीत घरचे मार्शमॅलो: संत्र्याच्या चवीचे, भेट देण्याजोगे

नागपुरात मार्शमॅलो, म्हणजे स्पंजासारख्या मऊ गोड वड्या, करायचे तर डिसेंबर आणि जानेवारीत. बाकीचे महिने हा पदार्थ आपल्याकडे नांदत नाही. मे महिन्यात पारा 45 कडे सरकतो आणि वडी जमवणारं जिलेटिन तर 30 ते 35 अंशांतच सैल पडायला लागतं. जुलै-ऑगस्टमध्ये उकाडा कमी झाला तरी हवेत ओल असते. मार्शमॅलोत निम्म्याहून जास्त साखरच असते. ती हवेतली ओल ओढून घेते, वड्यांना पाझर फुटतो आणि सकाळी डब्याच्या तळाशी पाक साचलेला दिसतो. डिसेंबरात हवा कोरडी असते, रात्रीचा पारा 10-12 वर येतो आणि ओट्यावर ठेवलेला ट्रे सकाळपर्यंत आपसूक जमतो. फ्रीज लागत नाही, एसी लागत नाही.

शिवाय देण्याघेण्याचे दिवसही तेच. सदर, मोहननगरकडच्या ओळखीच्या घरून ख्रिसमसचा केक येतो, डबा रिकामा परत करायचा नसतो, आणि दरवेळी त्यात चिवडाच भरून द्यायचा का, असा प्रश्न पडतो. पुण्या-मुंबईचे पाहुणे परत निघाले की संत्रा बर्फी असतेच. तिच्या जोडीला घरी केलेले, संत्र्याच्या वासाचे मार्शमॅलो दिले की पोट्टे आधी त्यावर तुटून पडतात.

पदार्थ अवघड नाही. साखरेचा पाक, जिलेटिन आणि हवा, एवढंच. सगळी गोम पाण्याची आहे: पाकात किती उरलं, हवेतून किती आलं, डब्यात किती शिरलं. पुढची प्रत्येक पायरी वाचताना हे लक्षात ठेवलंत तर कोणती गोष्ट का करायची ते मला वेगळं सांगावं लागणार नाही.

आधी विचारून घ्या, मग करा

मार्शमॅलोत जिलेटिन असतं आणि जिलेटिन प्राण्यांच्या हाडांपासून, कातडीपासून किंवा माशापासून काढतात. म्हणजे पदार्थ मांसाहारी. दिसायला पांढरीशुभ्र वडी, चवीला गोड, त्यामुळे घेणाऱ्याच्या मनात हा प्रश्न येतच नाही. तो आपणच काढायचा. जैन शेजारी, मंगळवार-गुरुवार पाळणाऱ्या काकू, श्रावणात सुरू केलेलं शाकाहारी व्रत पुढेही चालू ठेवणारे मामा, या सगळ्यांना देण्याआधी स्पष्ट सांगा. मुसलमान मैत्रिणीला द्यायचे असतील तर जिलेटिन कोणत्या प्राण्याचं आहे हेही पाहावं लागतं, कारण डुकराचं चालणार नाही आणि बाकीचंही हलाल आहे का, हा प्रश्न उरतोच. बऱ्याच हिंदू घरांत गाईगुरांचं जिलेटिन चालत नाही. पाकिटावर तपकिरी त्रिकोणाची खूण असतेच. स्रोत छापलेला नसेल तर दुकानदाराच्या "सब चलता है" वर जाऊ नका, दुसरं पाकीट घ्या. माशाचं जिलेटिन मिळालं तर बरेच प्रश्न सुटतात.

शाकाहारी घरांसाठी चायना ग्रासची (अगर-अगर, समुद्री शेवाळापासून काढतात) वेगळी कृती पुढे दिली आहे. ती कमअस्सल नक्कल समजू नका, तो वेगळाच पदार्थ होतो.

सामान

20 सेंटीमीटर लांब-रुंद चौकोनी ट्रेसाठी हे प्रमाण. अडीच सेंटीमीटरच्या साधारण 64 वड्या होतात, म्हणजे चार-पाच छोट्या बरण्या.

- जिलेटिन पावडर 18 ग्रॅम
- ती भिजवायला थंड पाणी 90 मिली (संत्र्याचे करायचे तर त्याऐवजी ताजा रस)
- साखर 250 ग्रॅम
- लिक्विड ग्लुकोज 125 ग्रॅम
- पाकासाठी पाणी 75 मिली
- चिमूटभर मीठ
- व्हॅनिला इसेन्स 1 छोटा चमचा
- वरून लावायला कॉर्नफ्लोअर 60 ग्रॅम आणि पिठीसाखर 60 ग्रॅम
- ट्रेला आणि सुरीला लावायला बिनवासाचं तेल

साखर, पिठीसाखर, कॉर्नफ्लोअर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं. जास्त घरांना वाटायचे असतील तर इतवारीत ठोक भावात घ्या. जिलेटिन आणि लिक्विड ग्लुकोज मात्र केकचं सामान विकणाऱ्या दुकानातच मागा. किराणा दुकानात "ग्लुकोज" म्हटलं की उन्हाळ्यात पाण्यात घालून पितो ती पावडर हातात पडते, ती इथे उपयोगाची नाही. आपल्याला हवं ते डबीतलं घट्ट, पारदर्शक, बोटाला चिकटून न सुटणारं प्रकरण. ते पाकात असलं की साखरेचे दाणे पुन्हा धरत नाहीत. नाहीच मिळालं तर तेवढाच मध घाला. चव मधाची येईल, रंग थोडा पिवळा येईल, पण वडी जमेल.

कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्याचा पांढरा स्टार्च. भाकरीचं पिवळं मक्याचं पीठ नव्हे. आणि तेल सूर्यफुलाचं घ्या. फल्लीच्या तेलाचा वास व्हॅनिलाला मारून टाकतो.

जिलेटिन वजनकाट्यावरच मोजा. चमच्याने मोजलं तर दर वेळी दोन-तीन ग्रॅमचा फरक पडतो आणि एवढ्या छोट्या प्रमाणात तो वडीत जाणवतो. वेगवेगळ्या कंपन्यांच्या जिलेटिनची ताकदही सारखी नसते. पहिली खेप सैल झाली तर दुसऱ्या खेपेला 2 ग्रॅम वाढवा, एकदम दुप्पट नको.

भांड्यांमध्ये जाड बुडाचा स्टीलचा गंज हवा, निदान दोन लिटरचा. पाक उकळताना फुगून वर येतो, छोट्या भांड्यात तो गॅसवर सांडेल. फेटायला दोन काड्यांचा हँड बीटर किंवा केकवाला स्टँड मिक्सर. पात्याचा हँड ब्लेंडर चालत नाही, त्याने हवा भरली जात नाही. हाताने फेटायचा विचार सोडून द्या.

थर्मामीटर घ्याच

आपल्याकडे आजीपासून सगळ्यांना पाक बोटावर कळतो. एकतारी, दोनतारी, गोळीबंद. मार्शमॅलोला लागतो तो गोळीबंदाचा पहिला टप्पा: गार पाण्यात थेंब टाकला तर त्याची मऊ गोळी व्हावी आणि बोटांत दाबली की चपटी व्हावी. अंशांत सांगायचं तर 115 ते 116. तिळाचे लाडू करणाऱ्या हाताला हे जमतं, नाही असं नाही. पण इथे पाक आणि जिलेटिन एकाच वेळी तयार हवेत, आणि वाटीत थेंब टाकून बघेपर्यंत गॅसवरचा पाक तीन-चार अंश पुढे गेलेला असतो. पाक 112 ला उतरवला तर वडीत पाणी जास्त राहून ती ढेपाळते, 120 च्या पुढे गेला तर चिवट रबर. स्वयंपाकाचा डिजिटल थर्मामीटर फार महाग नसतो. तो घ्या. ताप मोजायचा नव्हे, तो 42-43 अंशांच्या पुढे जातच नाही.

आणला की आधी तपासा. गंजात पाणी खळखळ उकळू द्या आणि टोक पाण्यात बुडवा, बुडाला टेकवू नका. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण 310 मीटर उंचावर आहे, त्यामुळे आपल्याकडे पाणी 100 नाही, 99 अंशांच्या जवळ उकळतं. तुमचा थर्मामीटर 96 दाखवत असेल तर तो 3 अंशांनी कमी दाखवतो, मग पाक त्यावर 112 दिसला की उतरवायचा. एवढं गणित एकदा करून कागदावर लिहून फ्रिजला चिकटवून टाका.

ट्रे आणि जिलेटिन

पाक चढवण्याआधी बाकी सगळं मांडून ठेवायचं. पाक झाल्यावर ट्रे शोधायला वेळ मिळत नाही.

कॉर्नफ्लोअर कोरड्या कढईत मंद आचेवर तीन-चार मिनिटं परता. रंग बदलू द्यायचा नाही, फक्त कच्चा वास जायला हवा. गार झालं की पिठीसाखरेबरोबर दोनदा चाळा. नुसती पिठीसाखर लावू नका, ती वडीतलं पाणी ओढून तासाभरात चिकट होते. स्टार्च कोरडा राहतो.

ट्रेला तेलाचा पातळ हात फिरवा, बटर पेपर घाला, त्यालाही तेल लावा आणि वर हे मिश्रण भुरभुरा. पेपरच्या कडा ट्रेच्या बाहेर आल्या पाहिजेत, उद्या धरून उचलायला.

फेटायच्या मोठ्या भांड्यात 90 मिली थंड पाणी घ्या आणि जिलेटिन वरून पसरून शिंपडा. एका ठिकाणी ओतलं तर बाहेरून भिजतं, आतून कोरडं राहतं आणि शेवटी वडीत गुठळ्या लागतात. दहा मिनिटांत ते फुगून ओलसर, दाणेदार थर होतो. ढवळत बसू नका.

पाक

गंजात साखर, ग्लुकोज, मीठ आणि 75 मिली पाणी घाला. मध्यम आचेवर साखर विरघळेपर्यंत हलवा आणि उकळी आली की सराटा बाजूला ठेवा. यानंतर ढवळायचं नाही. कडेला चिकटलेले साखरेचे दाणे आत पडले की सगळा पाक दाणेदार व्हायला निमित्त मिळतं. उकळी आल्यावर दोन मिनिटं झाकण ठेवा, वाफेनेच कडा धुतल्या जातात. मग झाकण काढा, थर्मामीटर लावा.

105 पर्यंत पारा भराभर चढतो, मग रेंगाळतो. पाण्याची वाफ होत जाते तसतसं तापमान हळूहळू वाढतं. कंटाळून आच मोठी करू नका. बुडबुडे आधी मोठे, विस्कळीत असतात. 112 च्या सुमाराला ते बारीक, जाड आणि एकसारखे होतात, फुटताना आवाजही खोल येतो. पुढच्या वेळी थर्मामीटरकडे बघायच्या आधी तुम्हाला त्या आवाजावरूनच अंदाज यायला लागेल. 115 दिसलं की गॅस बंद, गंज खाली.

इथे मुलांना स्वयंपाकघराबाहेर ठेवा. उकळतं पाणी अंगावर पडलं तर ओघळून जातं, हा पाक कातडीला चिकटून तिथेच भाजत राहतो. थेंब उडालाच तर लगेच नळाच्या गार पाण्याखाली धरा, 20 मिनिटं. टूथपेस्ट नको, बर्फ नको, हळद नको. भाजलेली जागा मोठी असेल तर दवाखाना.

फेटणं

मिनिटभर थांबा, बुडबुडे बसू द्या. फार गरम पाकात जिलेटिनची ताकद कमी होते. मग बीटर सगळ्यात कमी वेगावर सुरू करा आणि पाक भांड्याच्या कडेने बारीक धारेने सोडा. फिरत्या काड्यांवर ओतला तर तो कडेला उडून तिथेच वाळतो, वाया जातो. हँड बीटर असेल तर हे दोघांचं काम आहे: एकाने ओतायचं, एकाने फेटायचं. ओतणारा माणूस घाईचा नसावा.

सगळा पाक आत गेला की वेग वाढवत पूर्ण वर न्या. पहिली दोन मिनिटं काहीच होत नाही असं वाटतं, भांड्यात पातळ, पिवळसर, फेसाळ पाणी. चौथ्या मिनिटाला दुधट होतं. सहाव्या-सातव्याला पांढरंशुभ्र आणि दाट, आणि भांडं जवळजवळ तिप्पट भरलेलं. काड्यांच्या दांड्याभोवती बारीक धागे चढायला लागतात. इथे थांबावंसं वाटेल, पण थांबू नका. भांड्याला बाहेरून हात लावा. अजून गरम लागत असेल तर आणखी फेटायचं आहे. कोमट लागलं, बीटर उचलल्यावर मिश्रण जाड पट्ट्याने खाली पडलं आणि ती पट्टी क्षणभर वरच राहून मग हळूहळू मिसळली, की झालं. स्टँड मिक्सरला आठ-दहा मिनिटं, हँड बीटरला बारापर्यंत लागतात. बरेचसे घरगुती हँड बीटर एका दमात इतका वेळ चालवायला बनवलेले नसतात, मोटर तापल्याचा वास आला तर अर्धा मिनिट बंद ठेवा, तेवढ्याने बिघडत नाही. सोबतच्या पुस्तिकेत सलग किती मिनिटं चालवायचं ते लिहिलेलं असतं, ते आधीच वाचून ठेवा.

शेवटच्या मिनिटाला इसेन्स घाला.

आता मात्र घाई. तेल लावलेल्या सराट्याने मिश्रण ट्रेमध्ये काढा आणि ओल्या नव्हे, तेलाच्या हाताने वरून सपाट करा. भांड्याला चिकटलेलं शेवटचं पाव वाटी खरडत बसू नका, ते तोवर घट्ट होऊन ओढलं जातं आणि ट्रेमधला पृष्ठभाग खराब करतं. ते घरातल्यांनी चमच्याने खायचं. भांडं आणि काड्या गरम पाण्यात बुडवून ठेवल्या की अर्ध्या तासात आपोआप सुटतात, घासायचे कष्ट नाहीत.

वरून थोडं कॉर्नफ्लोअरचं मिश्रण चाळा आणि ट्रे रात्रभर ओट्यावर. फ्रीजमध्ये ठेवला की बाहेर काढल्यावर दव धरतो, आणि पाण्याशी आपलं वाकडं आहे. मुंग्यांचा विचार आधी करा. मोठ्या ताटात दोन बोटं पाणी, मधोमध उलटी वाटी, वाटीवर ट्रे आणि वरून जाळीचं झाकण.

कापणं

किमान आठ तासांनी ट्रेच्या कडांना तेलाची सुरी फिरवा, पेपर धरून सगळी लादी उचला आणि मिश्रण भुरभुरलेल्या पोळपाटावर उलटी करा. पेपर हळू सोलायचा. मोठी, धारदार, बिनदात्यांची सुरी घ्या, तिला तेल लावा, आणि करवतीसारखी न ओढता सरळ वरून खाली दाबा. दर दोन कापांनी पुसून पुन्हा तेल.

कापलेली प्रत्येक बाजू चिकट असते. चार-पाच वड्या एका वेळी मिश्रणात घोळवा, मग चाळणीत घालून जास्तीचं पीठ झाडून टाका. पीठ झाडलं नाही तर खाताना पहिला घास तोंडात पावडर होतो आणि भेट मिळालेल्या माणसाला तुमचं मार्शमॅलो म्हणजे पीठ खाल्ल्यासारखं वाटतं.

लगेच डब्यात भरू नका. जाळीवर किंवा कागदावर चार-पाच तास सुट्या राहू द्या. वरून पातळ कोरडी साय धरते. घरचे मार्शमॅलो किती टिकतील ते बरंचसं याच ठिकाणी ठरतं.

संत्रं

आंबिया बहाराची संत्री ऑक्टोबरपासून येतात आणि डिसेंबर संपता संपता ओसरतात. मृग बहाराची फेब्रुवारीत सुरू होतात. म्हणजे ख्रिसमसच्या खेपेला भरपूर, संक्रांतीच्या खेपेला शोधावी लागतात. तेव्हा साल डिसेंबरातच किसून, साखरेत चोळून फ्रीजरमध्ये ठेवून द्या.

रसाच्या बाबतीत आपलं संत्रं थोडं हट्टी आहे. काढून ठेवलेला किंवा तापवलेला रस कडवट होत जातो. बिया आणि पांढरे धागे चिरडले गेले तर आणखीच. म्हणून मिक्सरमधून काढू नका, आणि चव दाट व्हावी म्हणून रस आटवायचा मोह तर मुळीच नको. फोडी सोलून, बिया काढून हातानेच पिळा, गाळा आणि लगेच त्याच 90 मिलीत जिलेटिन भिजवा. पाकाशी त्याची गाठ पडते ती काही मिनिटंच, तेवढं तो सहन करतो.

खरा वास सालीत असतो. एका संत्र्याची साल अगदी बारीक किसणीवर किसा, फक्त केशरी भाग. नागपुरी संत्र्याची साल पातळ आणि सुटी असते, सोललेल्या सालीवर किसणी धरवत नाही, त्यामुळे आधी अख्खं फळ धुऊन, पुसून किसायचं आणि मग सोलायचं. कीस अगदी शेवटी घाला, सालीतलं तेल आधी गेलं तर फेस नीट चढत नाही. रंग फिकट बदामी-पिवळा येतो, तोच ठेवा. केशरी खाण्याचा रंग घातला की ते औषधाच्या गोळीसारखे दिसतात.

बाकी चवींत कॉफी सोपी आहे, भिजवायच्या पाण्यात दोन छोटे चमचे इन्स्टंट कॉफी. केशर-वेलची घरातल्या मोठ्यांना आवडते. गुलाबाचं सरबत घालू नका, त्यात आधीच साखर आणि पाणी असतं, गुलाबजल चमचाभर पुरतं. ताजं अननस, पपई आणि किवी मात्र वर्ज्य: त्यातली एन्झाइम्स जिलेटिन तोडतात आणि मिश्रण कधीच जमत नाही. डब्यातलं अननस उष्णतेतून गेलेलं असतं, ते चालतं.

चायना ग्रासचे

रात्रभर भिजवलेले काबुली चणे मीठ न घालता, बुडतील एवढ्याच पाण्यात कुकरला शिजवा आणि त्याच पाण्यात गार होऊ द्या. पाणी गाळून घ्या, पातळ वाटलं तर दाटसर होईपर्यंत आटवा आणि पूर्ण गार करा. चण्याच्या या पाण्यातलं 100 मिली घ्या, अर्धा छोटा चमचा लिंबाचा रस घालून बीटरने घट्ट शिखरं उभी राहीपर्यंत फेटा. चण्याचा वास येतो, घाबरू नका, पाक गेल्यावर आणि संत्र्याच्या सालीने तो झाकला जातो.

दुसरीकडे 150 मिली पाण्यात 8 ग्रॅम चायना ग्रास पावडर घालून ढवळत दोन मिनिटं उकळा. पूर्ण विरघळली की 200 ग्रॅम साखर आणि 60 ग्रॅम ग्लुकोज घाला, 108 ते 110 अंशांपर्यंत न्या. इथे मधूनमधून ढवळावं लागतं, चायना ग्रास बुडाला धरतं. हा पाक गरमच धारेने फेसात सोडा, दोन-तीन मिनिटं फेटा आणि लगेच ट्रेमध्ये ओता. चायना ग्रास 40 अंशांच्या आसपास घट्ट होतं आणि मग ते पुन्हा पातळ करायला 85 च्या पुढे तापवावं लागतं. त्यामुळे भांड्यातच जमलं तर खेळ खलास.

ही वडी ताणली जात नाही, दाताखाली मऊ तुटते. शेकोटीवर काडीला लावून भाजायला चालत नाही. चहा-कॉफीबरोबर खायला छान, आणि उन्हात जिलेटिनवाल्यापेक्षा जास्त तग धरते. मात्र पाणी लवकर सोडते, पाच-सहा दिवसांत संपवायला सांगा.

बिघडलं तर

वडी कापताना सुरीला लोळली, आकार धरला नाही: पाक कमी झाला किंवा जिलेटिन कमी पडलं. टाकून देऊ नका, चमच्याने गरम कोकोत घाला. खाताना कचकच दाणे लागले: पाक ढवळला गेला किंवा ग्लुकोज कमी. चिवट झाली: पाक पुढे गेला. वरून जमली पण तळाशी पारदर्शक जेलीचा थर आला, तर फेटणं कमी पडलं, खाली राहिलेला पाक मिसळला नव्हता. दुसऱ्या दिवशी ओलसर झाली आणि बाहेर ढगाळ असेल तर दोष तुमचा नाही. नागपुरात डिसेंबर-जानेवारीतही मधेच अवकाळीची सर येऊन जाते. त्या दिवशी करू नका, आकाश उघडेपर्यंत थांबा.

बांधून देताना

काचेची घट्ट झाकणाची बरणी सगळ्यात बरी, तीही धुऊन उन्हात खडखडीत वाळवलेली. पत्र्याचा डबा दिसायला छान असतो, पण झाकण सैल असतं, आत पन्नीची बंद पिशवी घाला. बर्फी, केक किंवा कोणत्याही ओलसर मिठाईबरोबर एकाच खोक्यात ठेवू नका. संत्र्याचे आठ-दहा दिवस, व्हॅनिलाचे दोन आठवडे उत्तम राहतात. ख्रिसमससाठी 21-22 डिसेंबरला केले की बरोबर बसतं.

बरणीला चिठ्ठी हवीच. तिच्यावर केल्याची तारीख, कधीपर्यंत खायचे, "फ्रीजमध्ये ठेवू नका" आणि मोठ्या अक्षरांत "जिलेटिन आहे, मांसाहारी". कोणत्या प्राण्याचं तेही. चायना ग्रासचे असतील तर "चण्याचं पाणी आहे". घरात चार-पाच वर्षांच्या आतलं लेकरू असेल तर तोंडीही सांगा की अख्खी वडी देऊ नका. ती मऊ असली तरी घशात अडकते. बारीक तुकडे करूनच, समोर बसवून खायला द्यायचं.

भेट म्हणून देण्यापुरतं ठीक आहे. कौतुक ऐकून कोणी "आम्हाला विकत द्या" म्हणालं, तर पैसे घेण्याआधी एफएसएसएआयची (केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी करावी लागते, ती ऑनलाइन होते.

मुंबईला पाठवायचे असतील तर बरणी नागपुरात बंद करा आणि उघडायची ती खायच्याच दिवशी, असं बजावून पाठवा. तिथली हवा डिसेंबरातही दमट असते, झाकण दोनदा उघडलं की वड्या एकमेकींना धरतात. रेल्वेने जाणाऱ्या पाहुण्याला बरणी हातातल्या पिशवीत द्या, सुटकेसमध्ये कपड्यांखाली दाबली गेली तर पोचेपर्यंत लादी होते. तशी झालीच, तर तेलाच्या सुरीने पुन्हा कापून कॉर्नफ्लोअर-पिठीसाखरेत घोळवून घ्यायला सांगा, चवीत फरक पडत नाही.